विषमतेचे आकडे खऱ्या मापात: ऑगमेंटेड रिअॅलिटी कुठे कामी येते आणि कुठे फसवते

अमेरिकेची मध्यवर्ती बँक, म्हणजे फेडरल रिझर्व्ह, दर तीन वर्षांनी तिथल्या कुटुंबांच्या संपत्तीची पाहणी करते. 2022 च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबांची मध्यक संपत्ती 2 लाख 85 हजार डॉलर भरली, हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी किंवा स्पॅनिश मूळ असलेल्या) कुटुंबांची सुमारे 62 हजार आणि कृष्णवर्णीय कुटुंबांची 44 हजार 900. संपत्ती म्हणजे घर, बचत, शेअर, गाडी या सगळ्याची किंमत वजा कर्ज. मध्यक म्हणजे सगळी कुटुंबे चढत्या क्रमाने ओळीत उभी केली तर बरोबर मधोमध येणाऱ्या कुटुंबाचा आकडा.

आता दीड लाख डॉलरला एक मीटर असे प्रमाण धरा आणि हे आकडे खोलीत खांबांसारखे उभे करा. गोऱ्या कुटुंबाचा खांब 1 मीटर 90 सेंटिमीटर होतो, म्हणजे बहुतेकांच्या डोक्याच्या वर. हिस्पॅनिक कुटुंबाचा 41 सेंटिमीटर, गुडघ्याच्या जरा खाली. कृष्णवर्णीय कुटुंबाचा खांब 30 सेंटिमीटर, म्हणजे उभ्या धरलेल्या ए-फोर कागदाएवढा. लाकडाचे खांब करायचे तर सुतार आणि जागा दोन्ही लागतील. ऑगमेंटेड रिअॅलिटीत, म्हणजे एआरमध्ये, ते फोनवर उभे राहतात: कॅमेऱ्यात तुमचीच खोली दिसते, तुमचीच फरशी दिसते, आणि फरशीवर हे तीन खांब. फोन घेऊन त्यांच्याभोवती फिरता येते, जवळ जाऊन वाकून बघता येते.

फोन हे कसे करतो? कॅमेऱ्यातल्या चित्रातले ठळक ठिपके (फरशीचे सांधे, सतरंजीची नक्षी, टेबलाचे कोपरे) तो सतत टिपत असतो. फोन हलला की हे ठिपके चित्रात किती सरकले ते तो मोजतो, आणि आतल्या हालचाल-संवेदकांची माहिती त्याला जोडून स्वतःची जागा ठरवतो. बऱ्याच ठिपक्यांचे एकच सपाट प्रतल दिसले की ती जमीन मानतो आणि वस्तू तिच्यावर ठेवतो. अँड्रॉइडवर हे काम गूगलचे एआरकोअर करते, आयफोनवर अॅपलचे एआरकिट.

हे तंत्र केव्हा वापरायचे, याचे आमचे उत्तर सरळ आहे. एआर दोनच गोष्टी कागदापेक्षा चांगल्या करते: आकड्याला शरीराच्या मापात आणते, आणि आकड्याला त्याच्या खऱ्या जागी नेऊन उभा करते. तुमच्या माहितीत माप किंवा जागा यांपैकी काहीच महत्त्वाचे नसेल, तर साधा स्तंभालेख काढा; तो अचूक वाचला जातो, लवकर उघडतो आणि कोणत्याही फोनवर चालतो. वर्षागणिक बेकारीचा दर, दहा राज्यांची तुलना, टक्केवारीचे तक्ते यांना तिसरी मिती दिली की वाचणाऱ्याचे फक्त नुकसान होते. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संशोधकांनी 1984 मध्येच दाखवले होते की माणूस एका रेषेवरची स्थिती आणि लांबी बऱ्यापैकी नेमकी ओळखतो, क्षेत्रफळात चुकतो आणि घनफळात त्याहून जास्त चुकतो. म्हणून एआरमध्ये डॉलरचे गोळे, पैशाचे ढीग, फुगे असले काही करू नये. सारख्या बैठकीचे खांब करावेत आणि फक्त उंची बदलावी.

आकडे हाती घेताना

चित्र बनवण्याच्या आधीच निम्म्या चुका होऊन गेलेल्या असतात. फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत 2022 साली सुमारे 4,600 कुटुंबे होती, पण फाइल उघडली की ओळी पाचपट दिसतात. ज्या प्रश्नांना उत्तर मिळाले नाही तिथे सांख्यिकी पद्धतीने अंदाज भरलेला असतो, आणि त्या अंदाजातली अनिश्चितता टिकावी म्हणून प्रत्येक कुटुंबाच्या पाच नोंदी ठेवलेल्या असतात. शिवाय श्रीमंत कुटुंबे मुद्दाम जास्त घेतलेली असतात, कारण संपत्तीचा मोठा भाग त्यांच्याकडे असतो आणि थोडी घेतली तर तो हाती लागत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीला भार, म्हणजे ती देशातल्या किती कुटुंबांच्या वतीने मोजायची तो आकडा, दिलेला असतो. भार न लावता मध्यक काढला तर आकडा बराच फुगतो.

सरासरी आणि मध्यक यांतला फरक खांबांवर अगदी उघड दिसतो. त्याच पाहणीत गोऱ्या कुटुंबांची सरासरी संपत्ती सुमारे 13 लाख 60 हजार डॉलर आहे आणि कृष्णवर्णीय कुटुंबांची सुमारे 2 लाख 11 हजार. वरच्याच प्रमाणात पहिला खांब 9 मीटर होईल, तीन मजली इमारतीइतका, आणि दुसरा 1 मीटर 40. मूठभर अतिश्रीमंत कुटुंबे सरासरी वर खेचतात. 'साधारण कुटुंबाकडे किती' असा प्रश्न असेल तर मध्यक घ्यावा, आणि 'एकूण संपत्ती कोणत्या गटाकडे' असा असेल तर सरासरी. एका खांबाला सरासरी आणि शेजारच्याला मध्यक लावण्याची चूक दिसायला लहान आहे, पण सगळ्या कामावरचा विश्वास घालवते.

याच अंगाने आणखी एक सापळा आहे. खांबाचे रंगीत थर करून 'एवढा भाग घराचा, एवढा निवृत्ती-निधीचा, एवढा शेअरचा' असे दाखवण्याचा मोह होतो. मध्यकाच्या खांबाला हे करता येत नाही. घरांचा मध्यक आणि बचतीचा मध्यक यांची बेरीज एकूण संपत्तीच्या मध्यकाएवढी येत नाही, कारण प्रत्येक वेळी मधोमध येणारे कुटुंब वेगळे असते. थर हवेच असतील तर सरासरीचा खांब घ्या आणि तसे ठळक लिहा.

फरक मोजायचा कसा, हाही निवडीचा प्रश्न आहे. 2019 ते 2022 या काळात कृष्णवर्णीय कुटुंबांची मध्यक संपत्ती महागाई वजा करून सुमारे 60 टक्क्यांनी वाढली आणि गोऱ्या कुटुंबांची सुमारे 31 टक्क्यांनी. गुणोत्तर बघितले तर दरी अरुंद झाली. पण 2022 च्या डॉलरमध्ये अंतर सुमारे 1 लाख 90 हजारांवरून 2 लाख 40 हजारांवर गेले. खांबांच्या भाषेत 1 मीटर 26 सेंटिमीटरचे अंतर 1 मीटर 60 झाले. दोन्ही विधाने खरी आहेत. एआरमधला खांब स्वभावतःच अंतर दाखवतो, गुणोत्तर डोळ्याला पटकन कळत नाही. म्हणून गुणोत्तर खांबाच्या पायथ्याशी शब्दांत लिहावे. नाहीतर बघणारा अर्धीच गोष्ट घेऊन जातो.

वस्तीच्या पातळीवरचे आकडे, उदाहरणार्थ मध्यक उत्पन्न, अमेरिकेच्या जनगणना खात्याकडून घेतले जातात. तिथले एकक 'सेन्सस ट्रॅक्ट', साधारण 1,200 ते 8,000 लोकवस्तीचे. प्रत्येक ट्रॅक्टला 11 अंकी क्रमांक असतो: राज्याचे 2 अंक, काउंटीचे (जिल्ह्यासारख्या विभागाचे) 3, ट्रॅक्टचे 6. कॅलिफोर्नियाचा राज्य-क्रमांक 06 आहे. फाइल एक्सेलमध्ये उघडली की पुढचे शून्य गळते, क्रमांक 10 अंकी होतो आणि नकाशाशी जुळत नाही. अख्खे राज्य रिकामे दिसते. तो रकाना आधीच 'मजकूर' म्हणून वाचावा. दुसरे असे की, जिथे नमुना फार लहान असतो तिथे खाते आकड्याच्या जागी उणे 66 कोटी 66 लाख 66 हजार 666 अशी खूण ठेवते. ती गाळली नाही तर त्या वस्तीचा खांब जमिनीच्या खाली हजारो मीटर जातो, आणि वर काहीच न दिसल्याने बघणाऱ्याला वाटते की तिथे उत्पन्न शून्य आहे. ज्या गटाची लोकसंख्या एखाद्या वस्तीत कमी, त्याच गटाचे आकडे असे गायब असतात. म्हणून 'माहिती नाही' यासाठी वेगळे चिन्ह हवेच, उदाहरणार्थ फरशीवर आखलेला रिकामा चौकोन.

वंशाचे वर्ग हे सरकारी फॉर्ममधले वर्ग असतात आणि ते बदलत राहतात. आजवरच्या जनगणनेत 'हिस्पॅनिक' हा वंशापासून वेगळा प्रश्न होता. मार्च 2024 मध्ये नियम बदलून दोन्ही एकत्र केले गेले आणि मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेतल्या लोकांसाठी स्वतंत्र वर्ग आला. दोन वेगळ्या नियमांखालचे आकडे एका रांगेत उभे करायचे नाहीत.

खांब उभे करताना

अॅप बनवण्याची गरज नाही. वेबपेजवरून एआर दाखवणारे 'मॉडेल-व्ह्यूअर' नावाचे मोफत साधन आहे. ब्लेंडर या मोफत त्रिमिती-सॉफ्टवेअरमध्ये खांब बनवावेत, बैठक 20 बाय 20 सेंटिमीटर, दोन खांबांत 40 सेंटिमीटर मोकळी जागा. उंची आकड्यातून गणिताने काढावी, हाताने ओढून नाही. निर्यात करण्याआधी 'अप्लाय स्केल' (बदललेले माप वस्तूत कायम करणारी आज्ञा) करावे. ते विसरले की ब्लेंडरमध्ये माप बरोबर दिसते आणि पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये कधीकधी चुकते. अँड्रॉइडसाठी जीएलबी फाइल लागते, आयफोनसाठी यूएसडीझेड. जीएलबीचे एकक मीटर असते. यूएसडीझेडमध्ये एकक फाइलमध्येच लिहिलेले असते आणि काही लिहिले नाही तर सेंटिमीटर मानले जाते. त्यामुळे आयफोनवर 1.9 मीटरचा खांब 1.9 सेंटिमीटरचा होऊन फरशीवर आगपेटीच्या काडीसारखा पडलेला दिसतो. दोन्ही फोनवर वेगवेगळी तपासणी करावी लागते ती यासाठी. पान एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीवरच ठेवा, एरवी ब्राउझर कॅमेरा उघडू देत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची खूण. एआर दाखवणारी बहुतेक साधने बघणाऱ्याला दोन बोटांनी वस्तू लहान-मोठी करू देतात. सोफा विकणाऱ्याला ते चालेल, आपल्याला अजिबात नाही. माप हाच इथे आकडा आहे. चिमटीत धरून खांब अर्धा केला की 2 लाख 85 हजाराचे काहीच उरत नाही. मॉडेल-व्ह्यूअरमध्ये 'एआर-स्केल' या गुणधर्माला 'फिक्स्ड' हे मूल्य दिले की हे बंद होते.

छताचाही विचार लागतो. अमेरिकी घरांत खोलीची उंची पुष्कळदा 8 फूट, म्हणजे 2 मीटर 44 सेंटिमीटर. लाख डॉलरला एक मीटर असे सोयीचे प्रमाण घेतले तर मोठा खांब 2 मीटर 85 होतो आणि छतातून आरपार जातो. फोन तो छतावरच चिकटवल्यासारखा दाखवतो आणि उंचीचा अंदाजच येत नाही. वर दीड लाखाला एक मीटर घेतले ते म्हणून. आशियाई कुटुंबांचा आकडा, 5 लाख 36 हजार, जोडायचा असेल तर हेही पुरत नाही, तो खांब साडेतीन मीटरच्या वर जातो. तेव्हा अडीच लाखाला एक मीटर करावे: आशियाई 2 मीटर 14, गोरे 1 मीटर 14, कृष्णवर्णीय 18 सेंटिमीटर.

त्या सर्वांत उंच खांबात न्यू जर्सीतली आणि कॅलिफोर्नियातली मराठी कुटुंबेही मोजली जातात, म्हणून त्याच्याविषयी स्पष्ट बोलणे आपल्याकडून जास्त अपेक्षित आहे. 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर आणि पुढे नोकरीच्या व्हिसांमुळे भारतातून तिकडे जाणाऱ्यांत पदवीधरांचे प्रमाण फार मोठे राहिले. निवड विमानात बसण्याआधीच झालेली असते. शिवाय 'आशियाई' या एका शब्दाखाली भारतीय अभियंता आणि युद्धातून निर्वासित होऊन आलेले लाओसचे कुटुंब दोघेही येतात, आणि या पाहणीतला त्यांचा नमुना लहान आहे. हे पायथ्याशी न लिहिता तो खांब उभा केला तर 'त्यांना जमले, मग यांना का नाही' हा चुकीचा प्रश्न आपणच बघणाऱ्याच्या हाती देतो.

खांबावरचे अक्षर किती मोठे असावे? बघणारा दोन मीटरवर उभा आहे, फोन उभा धरलाय आणि कॅमेरा वरपासून खालपर्यंत साधारण 60 अंश टिपतो असे धरू. त्या अंतरावर चित्रात सुमारे 2.3 मीटर उंची मावते. फोनचा पडदा 15 सेंटिमीटर उंच असेल तर 3 सेंटिमीटरचे अक्षर पडद्यावर जेमतेम 2 मिलिमीटरचे होते, वाचता येत नाही. 5 ते 6 सेंटिमीटर ठेवा. मराठीत लिहिणार असाल तर आणखी एक अडचण: युनिटीसारख्या अॅप आणि खेळ बनवण्याच्या साधनांत नेहमीच्या मजकूर-घटकाला देवनागरीची जोडणी नीट जमत नाही. वेलांटी भलत्या बाजूला जाते, जोडाक्षरे फुटतात आणि पाय मोडलेली अक्षरे उघडी पडतात. इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर लिहून त्याचे चित्र करावे आणि ते खांबावर चिकटवावे. कंटाळवाणे काम आहे, पण खात्रीचे.

बनून झाले की मोजून बघा. छोट्या खांबाशेजारी खराखुरा ए-फोर कागद उभा धरा. कागद 29.7 सेंटिमीटर, खांब 29.9. दोघांच्या कडा एका पातळीत आल्या पाहिजेत. बोटभर फरक पडत असेल तर फोनने जमीन चुकीच्या पातळीवर धरली आहे. चकचकीत फरशी, एकरंगी गालिचा, मंद दिवा या तिन्ही ठिकाणी असे होते, कारण टिपायला ठळक ठिपके मिळत नाहीत. फरशीवर वर्तमानपत्र पसरा, दिवा लावा, फोन एक-दोन फूट डावी-उजवीकडे सावकाश फिरवा आणि खांब पुन्हा ठेवा. खांबाच्या पायाशी सावली जरूर द्या. सावली नसली की खांब तरंगतो, आणि तरंगणारी वस्तू किती लांब आहे हे डोळ्याला ठरवता येत नाही, मग उंचीही चुकते. तीच गत सोफ्यामागे जायला हवा असलेला खांब सोफ्यापुढे दिसला तर होते. नव्या फोनमध्ये कोणती वस्तू किती अंतरावर आहे हे मोजण्याची सोय असते, जुन्यात नसते. म्हणून 'समोर तीन मीटर मोकळी जागा ठेवा' ही सूचना सुरुवातीलाच द्यावी.

खांब एकामागे एक कधीच मांडू नका. दोन मीटरवरचा खांब चार मीटरवर नेला तर डोळ्याला जवळपास निम्मा दिसतो. मागे ठेवलेला मोठा खांब आणि पुढे ठेवलेला लहान खांब पडद्यावर सारखेही दिसू शकतात. एका रांगेत, बघणाऱ्यापासून सारख्या अंतरावर, एवढाच नियम पाळायचा आहे.

खांब जे लपवतो

दोन गटांचे दोन खांब बघितल्यावर माणसाच्या मनात काय येते, याचा अभ्यास झाला आहे. ईलाय होल्डर आणि सिंडी शाँग यांनी 2022 मध्ये दाखवले की गटांच्या सरासरीचे नुसते स्तंभ बघितले की लोक फरकाचे कारण त्या गटातल्या माणसांच्या स्वभावात, मेहनतीत शोधू लागतात. गटाच्या आतला पसारा दाखवणारी, ठिपक्यांची चित्रे बघितली की हे कमी होते. कारण सोपे आहे: स्तंभ सांगतो की गटातले सगळे सारखे आहेत, ठिपके सांगतात की दोन्ही गट एकमेकांत बरेच मिसळलेले आहेत.

आमच्या मते वंशविषमतेच्या एआरमधला हा कळीचा मुद्दा आहे, कारण डोक्यावर गेलेला खांब कागदावरच्या स्तंभापेक्षा कितीतरी जास्त ठसतो. जे ठसते ते चुकीचे ठसले तर त्याचे मोल ज्यांच्याविषयी बोलतो आहोत ते लोक भरतात. म्हणून खांबाच्या जागी किंवा खांबाभोवती प्रत्येक गटाचे शंभर ठिपके लावावेत, भार लावून काढलेल्या शतमकांवर (कुटुंबांची चढती ओळ शंभर सारख्या भागांत तोडली तर येणाऱ्या आकड्यांवर). सगळी संपत्ती एका प्रमाणात मावणार नाही, वरचे ठिपके छताबाहेर जातील. त्यांना छतापाशी बाण करून आकडा लिहावा. कर्जबाजारी कुटुंबांची संपत्ती उणे असते, ते ठिपके जमिनीखाली जातात, त्यांच्यासाठी फरशीवर वेगळी पट्टी आखावी.

दुसरा उपाय म्हणजे परिणामाच्या शेजारीच कारण ठेवणे, पुढच्या पानावर नव्हे. 2019 च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबांपैकी सुमारे 30 टक्क्यांना कधीतरी वारसा मिळालेला होता, कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी सुमारे 10 टक्क्यांना. आज तिथे गोऱ्यांत साधारण चारातली तीन कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात, कृष्णवर्णीयांत निम्म्याहून कमी. घर हीच मध्यमवर्गाची मुख्य संपत्ती, आणि घरकर्ज कोणाला मिळाले, कोणाला नाकारले गेले, याचा इतिहास सरकारी कागदांवर रंगांत आखलेला आहे. त्याकडे येतोच.

गुंडाळलेला स्तंभ उलगडणे

आकड्यांतून वंशविषमता दाखवण्याचे काम नवे नाही. 1900 च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनासाठी कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस आणि अटलांटा विद्यापीठातले त्यांचे विद्यार्थी यांनी साठेक तक्ते हाताने रंगवले. (याच ड्यू बॉइस यांना डॉ. आंबेडकरांनी 1946 मध्ये पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या, आणि ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिले होते.) हे तक्ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

त्यांतला एक एआरच्या सरावासाठी अगदी योग्य आहे: जॉर्जियातल्या कृष्णवर्णीयांच्या घरातल्या आणि स्वयंपाकघरातल्या सामानाची करासाठी धरलेली किंमत. 1875 मध्ये ती 21,186 डॉलर होती आणि 1899 मध्ये 14 लाख 34 हजार 975. जवळजवळ 68 पट. गुलामगिरीतून सुटून जेमतेम एक पिढी उलटली होती. कागद 71 बाय 56 सेंटिमीटरचा, त्यावर 68 पट लांब पट्टी सरळ मावणार कशी? ड्यू बॉइस यांनी पट्ट्या गोल गुंडाळल्या. चित्र देखणे झाले, पण गुंडाळलेल्या पट्टीची लांबी डोळ्याने मोजता येत नाही.

एआरमध्ये ती फरशीवर उलगडता येते. 1875 ची पट्टी 5 सेंटिमीटर धरा. 1880 ला सामानाची किंमत 4,98,532 होती, तिची पट्टी 1 मीटर 18 सेंटिमीटर. 1890 ची 11,73,624, म्हणजे 2 मीटर 77. आणि 1899 ची 3 मीटर 39. सगळ्या पट्ट्या एका भिंतीपासून सुरू करून बघणाऱ्याला बाजूने चालत जाऊ द्या. जमिनीवरची लांबी समोरून बघितली तर आक्रसलेली दिसते. बाजूने चालले तर पावलांनी मोजली जाते. पहिल्या पट्टीवर चवडाही मावत नाही, शेवटच्या पट्टीला चार-पाच पावले लागतात. मूळ रंगही ठेवा: गडद लाल, सोनेरी, निळा. आणि तो गुंडाळलेला मूळ तक्ता भिंतीवर जरूर लावा, म्हणजे लोकांना कळेल की ही वाढ कोणी आणि कशासाठी मोजली होती.

रिचमंडच्या रस्त्यावर

मापानंतर जागा. उदाहरणाला व्हर्जिनिया राज्यातले रिचमंड शहर घेऊ. 1933 मध्ये अमेरिकी सरकारने बुडीत घरकर्जे सावरण्यासाठी 'होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन' काढले. 1935 ते 1940 दरम्यान त्याने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे केले. वस्त्यांना चार प्रती, म्हणजे दर्जे: ए हिरवी, बी निळी, सी पिवळी, डी लाल. लाल म्हणजे कर्जाला धोकादायक. सोबतच्या फॉर्मवर वस्तीत कृष्णवर्णीय किती, परदेशी जन्माचे किती, कोणाची 'घुसखोरी' होते आहे, असे रकाने छापलेले होते. व्हर्जिनियातल्या रिचमंड विद्यापीठाने हे सगळे नकाशे आणि फॉर्म 'मॅपिंग इनइक्वॅलिटी' या नावाने खुले केले आहेत, हद्दींच्या जिओजेसन (रेखांश-अक्षांशांत हद्दी साठवणाऱ्या) फाइलींसह.

एका गोष्टीत इथे काटेकोर राहायला हवे. या महामंडळाची बरीचशी कर्जे नकाशे तयार होण्याआधीच वाटून झाली होती, आणि त्यांतली काही कृष्णवर्णीयांनाही मिळाली होती. पुढे कर्जहमी नाकारण्याचे मोठे काम 1934 मध्ये स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशनने केले, स्वतःच्या नियमांनी आणि स्वतःच्या नकाशांनी. तेव्हा 'या लाल रेषेमुळे हे सगळे झाले' असे फलक लावू नयेत. लाल रेषा त्या काळच्या कर्जव्यवहाराची नोंद आहे, असे लिहावे.

त्या हद्दी आजच्या उष्णतेशी जुळतात, हे मात्र मोजलेले आहे. 2020 मध्ये 108 शहरांच्या अभ्यासात हॉफमन, शँडस आणि पेंडलटन यांना दिसले की एकेकाळी डी प्रत दिलेल्या वस्त्यांचे पृष्ठभाग-तापमान इतर वस्त्यांपेक्षा सरासरी 2.6 अंश सेल्सिअसने जास्त आहे, काही शहरांत जवळपास 7 अंशांनी. 2021 च्या दुसऱ्या एका अभ्यासात 37 शहरांत ए प्रतीच्या वस्त्यांवर झाडांचे छत्र सुमारे 43 टक्के निघाले, डी प्रतीवर सुमारे 23 टक्के. फोनमध्ये आकाश लाल करून 'उष्णता' दाखवण्यापेक्षा ही झाडे दाखवणे उत्तम: लाल वस्तीच्या फुटपाथवर उभे राहिले की 43 टक्के छत्र असते तर सावली कुठवर आली असती, ते. आणि 2.6 अंश हे जमिनीचे, छपरांचे, डांबराचे तापमान आहे, हवेचे नव्हे, हे फलकावर हवेच.

रस्त्यावरच्या एआरमध्ये चुका खोलीतल्यापेक्षा मोठ्या होतात. जिओजेसनमध्ये आधी रेखांश येतो, मग अक्षांश. उलटे घातले की रिचमंडची वस्ती थेट अंटार्क्टिकावर जाऊन बसते. तेवढी मोठी चूक लगेच दिसते तरी. उंचीची चूक छळते. फोनची उपग्रह-उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते, नकाशावरची समुद्रसपाटीपासून. रिचमंडच्या भागात दोन्हींत सुमारे 30 मीटरचा फरक पडतो, म्हणजे फलक दहा मजल्यांवर तरी लटकतो किंवा जमिनीत तरी गडप होतो. उंची हाताने न घालता 'जमिनीवर ठेव' हा पर्याय देणारे अँकर (वस्तू एका जागेला बांधून ठेवणारे बिंदू) वापरावेत.

मोकळ्या आकाशाखाली फोनचे जीपीएस साधारण 5 मीटरपर्यंत अचूक असते, इमारतींमध्ये बरेच कमी. लोखंडी पुलाजवळ होकायंत्रही भरकटते. गूगलची जिओस्पेशिअल सेवा कॅमेऱ्यातली इमारत स्ट्रीट व्ह्यूच्या चित्रांशी ताडून पाहते आणि बहुधा याहून चांगली जागा देते, पण तिला इंटरनेट लागते. त्यात 1930 च्या दशकातला हाताने रंगवलेला नकाशा आजच्या नकाशावर बसवतानाची चूक मिळवा. एवढे सगळे धरून हद्द कधीही बारीक रेषेने आखू नये. 15 ते 20 मीटर रुंदीचा, हळूहळू विरणारा पट्टा द्यावा. कोणत्याही एका घरावर लाल रंग चढता कामा नये. तिथे आज लोक राहतात, त्यांची मुले त्याच दारातून शाळेत जातात, आणि आपल्या घराला कोणी पुन्हा 'धोकादायक' ठरवलेले त्यांनी का सहन करावे? वस्तीतल्या लोकांना, तिथल्या चर्चला, वाचनालयाला आधी दाखवा. शब्द त्यांना विचारून ठरवा. प्रत दाखवताना रंगासोबत अक्षरही लिहा, कारण लाल-हिरवा वेगळे न ओळखणारे पुरुष कमी नाहीत.

बघणाऱ्याला चालता चालता फोनकडे बघायला लावू नका. थांबे ठरवा, रुंद फुटपाथवर किंवा बागेत, रस्ता ओलांडावा लागणार नाही असे, आणि दोन थांब्यांमध्ये पडदा आपोआप साधा नकाशा दाखवील असे करा. उन्हात पडदा दिसत नाही म्हणून फलकाला गडद पार्श्वभूमी आणि पांढरी अक्षरे. एआर, कॅमेरा आणि जीपीएस एकत्र चालले की फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते. फेरी अर्ध्या तासात आटोपावी. बघणाऱ्याची जागा आणि कॅमेऱ्यातले चित्र तुमच्या सर्व्हरवर साठवू नका. ज्याचा फोन जुना आहे किंवा ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठी तेच आकडे, तोच मजकूर साध्या पानावर द्या, आणि ते पान आधी बनवा.

शेवटी देखभाल. मेटाने आपले 'स्पार्क' हे एआर बनवण्याचे साधन जानेवारी 2025 मध्ये बाहेरच्या लोकांसाठी बंद केले आणि त्यावर बनवलेली असंख्य कामे एका दिवसात नाहीशी झाली. मूळ आकडे एका सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलमध्ये, मॉडेल जीएलबीमध्ये आणि मजकूर वेगळा ठेवा, म्हणजे साधन बदलले तरी काम हातात राहते. प्रत्येक खांबावर पाहणीचे साल लिहा. पुढच्या पाहणीचे आकडे आले की सीएसव्हीतल्या ओळी बदलायच्या, उंच्या पुन्हा काढायच्या, जुने खांब पुसट करून त्याच रांगेत शेजारी ठेवायचे आणि छोट्या खांबाशेजारी पुन्हा कागद किंवा मोजपट्टी धरून बघायची.